जुना कॉम्प्युटर बिघडला? 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी एवढं करून बघा



अनेक शाळांच्या संगणक कक्षात आणि कित्येक घरांत आजही विंडोज ७ वर चालणारे कॉम्प्युटर आहेत. काही ठिकाणी तर विंडोज एक्सपीसुद्धा सुरू आहे. प्रश्नपत्रिका टाइप करणं, निकालपत्रकं, दाखले, मुलांचे स्नेहसंमेलनाचे फोटो अशी सगळी कामं या मशीनवर व्यवस्थित होतात. मग एके दिवशी तो सुरूच होत नाही, किंवा निळा स्क्रीन दाखवून बंद पडतो. आपण दुकानात फोन करतो आणि तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट म्हणजे नक्की काय, हे आधी समजून घेऊ. विंडोज ज्या भागात असतं तो सी ड्राइव्ह पूर्ण पुसायचा आणि त्यावर विंडोज नव्याने टाकायचं. आता आपल्या फाईल्स कुठे असतात ते आठवा. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये. या दोन्ही जागा सी ड्राइव्हमध्येच येतात! म्हणजे डी ड्राइव्हमधलं वाचेल, पण डेस्कटॉपवर ठेवलेली पाच वर्षांची निकालपत्रकं जातील. आणि गंमत अशी, की ज्या बिघाडासाठी हे सगळं केलं तो बिघाड कित्येकदा विंडोजमध्ये नसतोच. तो एखाद्या छोट्या सेलमध्ये, सैल झालेल्या रॅममध्ये किंवा भरून गेलेल्या ड्राइव्हमध्ये असतो.

म्हणून या लेखातलं मुख्य सूत्र एवढंच: आधी लक्षण लिहा, मग फाईल्स वाचवा, मग सोप्या उपायाकडून अवघड उपायाकडे जा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

(स्क्रीनवर बटणांची आणि मेनूंची नावं इंग्रजीत दिसतील. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पायऱ्या विंडोज ७ च्या आहेत. एक्सपीमध्ये वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.)

१) आधी तीन प्रश्न

डॉक्टर तपासण्याआधी विचारतात ना, "कधीपासून? काय खाल्लं होतं?" तसंच इथे.

• नेमकं काय दिसतं? ("बंद पडला" असं न लिहिता "लाइट लागते, पंखा फिरतो, स्क्रीन काळा" असं लिहा.)
• कधीपासून? लाईट गेल्यानंतर, सुट्टीनंतर, की रोज दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर?
• त्याआधी काय बदललं? नवीन प्रिंटर, नवीन सॉफ्टवेअर, कुणाचा पेनड्राइव्ह?

स्क्रीनवर संदेश आला तर मोबाईलने त्याचा फोटो काढून ठेवा. दुरुस्तीवाल्याला बोलवायची वेळ आलीच तरी हा फोटो उपयोगी पडतो.

२) मशीन सुरू होतं, पण स्क्रीन काळा

सर्वात आधी मॉनिटरची स्वतःची लाइट बघा. ती लागत नसेल तर मॉनिटरची पिन आणि स्विच तपासा. लाइट लागते पण चित्र नाही, तर कॅबिनेटपासून मॉनिटरकडे जाणारी केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा.

आता कीबोर्डवरचं नम लॉक बटण दाबा. त्याची छोटी लाइट लागते-विझते का? लागत असेल तर मशीन आतून जिवंत आहे, दोष मॉनिटर किंवा केबलकडे असण्याची शक्यता जास्त. लाइट हलत नसेल आणि कॅबिनेटमधून बीप-बीप आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा रॅमचा संपर्क नीट होत नसतो. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यामुळे हा प्रकार वरचेवर होतो.

उपाय असा:

• स्विच बंद करा, भिंतीतली पिन काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल.
• कॅबिनेटचं झाकण उघडा. आतल्या वस्तूंना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा. आपल्या अंगावरची स्थिर वीज त्यातून निघून जाते.
• रॅमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबून पट्टी काढा. तिच्या सोनेरी कडेवरून पेन्सिलचा स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. रबराचा चुरा झटकून टाका.
• पट्टीची खाच जुळवून ती परत बसवा. दोन्ही बाजूंना 'टक' असा आवाज आला पाहिजे.

मशीन रोज ठरावीक वेळ चालून अचानक बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा बघा. धुळीने तो अडला की प्रोसेसर तापतो, आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. मऊ ब्रशने धूळ काढली की कित्येकदा प्रश्न मिटतो.

एक पथ्य मात्र कायम पाळा. ज्या पत्र्याच्या डब्यात भिंतीतून वायर येते तो एसएमपीएस कधीही उघडू नका. पिन काढल्यानंतरही त्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते. मुलांना कॅबिनेट आतून दाखवताना ही गोष्ट सर्वात आधी सांगा.

३) तारीख सारखी मागे जाते

कॉम्प्युटर सुरू केला की तारीख दहा-बारा वर्षं मागची! आपण ती बदलतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याकडे आपण दुर्लक्ष करतो, पण पुढच्या मोठ्या बिघाडाची ही आधी मिळालेली सूचना असू शकते.

मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्याचा क्रमांक बहुधा सीआर २०३२, ताकद ३ व्होल्ट. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसमधली मांडणी लक्षात ठेवणं, ही दोन्ही कामं त्याच्या जोरावर होतात. (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम.) काही वर्षांनी हा सेल संपतो. मग दोन गोष्टी घडतात.

पहिली: इंटरनेटवरच्या साइट उघडत नाहीत, 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशा अर्थाचा इशारा येतो. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. आपला कॉम्प्युटर २०१२ सालात बसला असेल तर त्याच्या हिशोबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. म्हणजे नेट ठीक आहे, तारीख चुकली आहे.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. सेल संपला की बायोस आपली मांडणी विसरतो आणि कंपनीच्या मूळ मांडणीवर जातो. त्यात हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ही नोंद असते. विंडोज टाकताना एक पद्धत होती आणि आता दुसरी झाली, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही. मग सुरू होता होता निळा स्क्रीन येतो, त्यावरच्या लांबलचक आकड्याच्या शेवटी ७बी असतं. अशा वेळी डिस्क चांगली, विंडोज चांगलं, आपल्या फाईल्सही जागेवर असतात. तरीही घाईत फॉरमॅट मारला जातो!

उपाय: वरच्याच पद्धतीने वीज काढून सेल बदला. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बसवताना अधिकचं चिन्ह वर ठेवा. मग मशीन सुरू करताना डिलीट किंवा एफ २ बटण दाबत राहिलं की बायोस उघडतो (काही मशीनवर बटण वेगळं असतं, ते पहिल्या स्क्रीनवर लिहिलेलं दिसतं). तारीख आणि वेळ बरोबर करा. ७बीचा निळा स्क्रीन येत असेल तर 'साटा मोड' ही नोंद शोधा. तिथे आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर आयडीई करा. सेव्ह करून मशीन पुन्हा सुरू करा. उपयोग झाला नाही तर आधी होतं तसंच ठेवा. आधी काय होतं त्याचा फोटो काढायला विसरू नका.

४) विंडोज सुरू होता होता अडकतं

मशीन सुरू करताच, विंडोजचं चिन्ह दिसण्याआधी, एफ ८ बटण थांबून थांबून दाबत राहा. एक काळा मेनू येईल. त्यातले उपाय या क्रमाने करा:

• लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन - मागच्या वेळी विंडोज नीट सुरू झालं तेव्हाची मांडणी परत आणतो. नवीन प्रिंटर किंवा ड्रायव्हर टाकल्यावर बिघाड झाला असेल तर हा आधी करून बघा.
• सेफ मोड - विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू होतं. चित्र मोठं आणि ओबडधोबड दिसेल, घाबरू नका. सेफ मोड नीट चालतो याचा अर्थ डिस्क आणि विंडोजचा गाभा बहुतेक ठीक आहे, नंतर टाकलेलं काहीतरी त्रास देतंय. ते कंट्रोल पॅनेलमधून काढून टाका.
• सिस्टम रिस्टोर - स्टार्ट, ऑल प्रोग्राम्स, अॅक्सेसरीज, सिस्टम टूल्स या वाटेने सापडतो. सेफ मोडमध्येही चालतो. मशीन ठीक होतं तेव्हाची तारीख निवडा. यात विंडोजची मांडणी आणि प्रोग्राम मागे जातात. आपली पत्रं, फोटो, निकालपत्रकं यांना हात लागत नाही.

निळा स्क्रीन क्षणात निघून जात असेल तर याच मेनूत, सिस्टम बंद पडल्यावर आपोआप रीस्टार्ट होऊ नये, असा एक पर्याय आहे. तो निवडला की स्क्रीन थांबून राहतो आणि त्याचा फोटो काढता येतो.

वरचेवर लाईट जाणाऱ्या गावांत आणखी एक गोष्ट घडते. काम सुरू असताना वीज गेली की डिस्कवरच्या नोंदी अर्ध्या राहतात. अशा वेळी माय कॉम्प्युटरमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक नाऊ हा मार्ग घ्या. पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज डिस्क तपासेल. त्याला वेळ लागतो, मधे बंद करू नका. पण ही तपासणी करण्याआधी महत्त्वाच्या फाईल्सची प्रत काढलेली असावी.

५) फार हळू चालतो

आधी सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे ते बघा. ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर कारण सापडलंच. विंडोजला स्वतःच्या कामासाठी थोडी मोकळी जागा लागते.

• डेस्कटॉपवरचे मोठे व्हिडिओ आणि फोटो डी ड्राइव्हमध्ये हलवा.
• विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. छोट्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, त्याला जोडून टेम्प, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत टाइप करून एंटर करा. जे फोल्डर उघडेल त्यातलं सगळं काढून टाकलं तरी चालतं. ज्या फाईल्स निघत नाहीत त्या सोडून द्या.
• त्याच चौकटीत एमएसकॉन्फिग असं जोडून टाइप करा. स्टार्टअप या भागात सुरुवातीलाच उघडणाऱ्या प्रोग्रामची यादी दिसते. ओळखीच्या पण रोज न लागणाऱ्या नावांपुढची खूण काढा. अँटिव्हायरसला हात लावू नका.
• एका मशीनवर दोन अँटिव्हायरस नकोत. दोघेही प्रत्येक फाईल तपासत बसतात.

एवढं करूनही फरक नसेल तर रॅम बघा. विंडोज ७ च्या ३२ बिट प्रकाराला कमीत कमी १ जीबी आणि ६४ बिट प्रकाराला २ जीबी रॅम लागते, पण ही अगदी किमान गरज झाली. रॅम वाढवण्याआधी माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रकार बघून घ्या. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर घातलेली रॅम वायाच जाते.

६) पेनड्राइव्हमधल्या फाईल्स 'गायब'

प्रशिक्षणाहून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आला, आणि आत फोल्डरच्या जागी शॉर्टकट! यात आपल्या फाईल्स बहुधा पुसल्या गेलेल्या नसतात. व्हायरसने त्या लपवून त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवलेले असतात. आपण त्यावर डबल क्लिक केला की व्हायरस त्या कॉम्प्युटरमध्येही शिरतो. म्हणून पहिला नियम: शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही, आणि पेनड्राइव्ह घाईने फॉरमॅटही करायचा नाही.

कंट्रोल पॅनेलमध्ये फोल्डर ऑप्शन्स उघडा, व्ह्यू या भागात जा. लपवलेल्या फाईल्स दाखवा हा पर्याय निवडा. त्याच यादीत खाली सिस्टमच्या संरक्षित फाईल्स लपवा अशी खूण असते, ती काढा. आता पेनड्राइव्हमध्ये फिकट रंगाचे खरे फोल्डर दिसतील. कधी कधी सगळं एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. त्यातल्या फक्त आपल्या ओळखीच्या फाईल्स कॉम्प्युटरवर नवा फोल्डर करून त्यात कॉपी करा, अँटिव्हायरसने तपासा, आणि मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. काम झालं की ती काढलेली खूण परत लावा.

७) मराठी अक्षरांऐवजी चौकोन किंवा भलतीच अक्षरं

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

चौकोन दिसत असतील आणि मशीन एक्सपीचं असेल, तर त्यात भारतीय लिप्यांची सोय सुरू केलेली नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेस, आणि तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या ओळीपुढे खूण करा. यासाठी एक्सपीची सीडी लागते. विंडोज ७ मध्ये ही सोय आणि मंगल फॉन्ट आधीपासून असतो.

भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत असतील तर फाईल जुन्या फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएममधल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात. फॉन्ट त्या क्रमांकावर मराठी आकार काढून दाखवतो. फॉन्ट गेला की मराठी गेली! युनिकोडमध्ये तसं होत नाही. तिथे 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर 'क'च असतो.

फॉरमॅटचं खरं नुकसान इथे होतं. फाईल्स वाचवल्या, पण फॉन्ट वाचवले नाहीत, तर दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका हातात असूनही वाचता येत नाहीत. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून आपण वापरत असलेले मराठी फॉन्ट कॉपी करून ठेवा. महत्त्वाच्या फाईल्स आज नीट दिसतायत तोवर त्यांची पीडीएफ प्रतही काढून ठेवा. आणि यापुढचं सगळं टायपिंग युनिकोडमध्येच करा.

८) इंटरनेट वापरताना

एक्सपीची सुरक्षा अपडेट्स ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली आणि विंडोज ७ ची सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी. म्हणजे त्यानंतर सापडलेल्या पळवाटा या मशीनवर उघड्याच आहेत. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, आणि फायरफॉक्सची ११५. तारीख बरोबर असूनही क्रोममध्ये साइट उघडत नसेल तर फायरफॉक्समध्ये करून बघा. तो प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ ठेवतो, जुन्या विंडोजच्या यादीवर अवलंबून राहत नाही.

पण बँकेचे व्यवहार, शालार्थ, यू-डायस अशी लॉगिनची आणि मुलांच्या माहितीची कामं या मशीनवर करू नका. टायपिंग, प्रिंट, मुलांचा सराव, ऑफलाइन शैक्षणिक सॉफ्टवेअर यासाठी तो अजून उत्तम आहे.

९) कुठे थांबायचं?

हार्ड डिस्कमधून 'टक-टक' किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघण्यात उरलेला डेटाही जातो. जळका वास आला, ठिणगी दिसली तरी तसंच. इथून पुढे जाणकाराचं काम. त्यांना पहिलं वाक्य हे सांगा, "आधी डेटा काढा, मग बाकीचं."

विंडोज सुरूच होत नसेल तरी डेटा निघतो. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, किंवा लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून फाईल्स कॉपी करता येतात. "डेटा निघणार नाही" असं कुणी म्हटलं तर हे दोन प्रयत्न झाले का, एवढं जरूर विचारा.

आणि फॉरमॅट खरंच करावा लागला, तर त्याआधी ही यादी हातात घ्या:

• सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरमध्ये आपल्या नावाच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स (एक्सपीमध्ये डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज)
• मराठी फॉन्ट
• प्रिंटर, आवाज आणि नेटवर्कचे ड्रायव्हर
• ब्राउझरमधले बुकमार्क
• कॉपी केलेल्या चार-पाच फाईल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्याची खात्री

शेवटी एक छोटी सूचना. संगणक कक्षात किंवा घरी मशीनजवळ शंभर पानी वही ठेवा. तारीख, लक्षण, काय केलं, उपयोग झाला का, असे चार रकाने आखा. शाळेत ही वही सातवी-आठवीच्या मुलांकडे सोपवा. नोंद नीट करणं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं आणि कारण शोधणं, हे विज्ञानाच्या तासाला आपण जे शिकवतो तेच इथे प्रत्यक्ष घडतं. वर्षभराने तीच वही चाळली, की आपला कॉम्प्युटर नेमका कशाने आजारी पडतो ते दुकानदाराच्या आधी आपल्याला कळेल.

आज मात्र एवढं एक काम करा. कॉम्प्युटर चालू आहे तोवर डेस्कटॉपवरच्या फाईल्सची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा.